भोंग्याची वायर

फ्लॉईडला मी वॉर्डात पाऊल टाकू दिलं नाही. तो रोज यायचा, जिन्याखालच्या बाकावर बसायचा, आणि मी पाणी भरायला खाली गेले की तोंडाला येईल ते त्याला सुनवायचे. का नाही सुनवणार? त्याच्या फोर्कलिफ्टखाली माझ्या नवऱ्याचा, कल्पेशचा, पाय गेला. मागे न बघता गाडी हाणली मेल्याने!

दोघं आगाशीकडचे, शाळेपासूनचे दोस्त, वसई पूर्वेला एकाच गाळ्यात कामाला. फ्लॉईड माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवायचा, कल्पेश ओट्यावर ट्रकमधला माल उतरवून घ्यायचा. खंडेनवमीला फोर्कलिफ्टची पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या. पूजलेलं मशीन त्या दिवशी चालवायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ट्रक आला आणि शेठ म्हणाले, "दोनच फेऱ्या मारा." फ्लॉईडने गाडी मागे घेतली तेव्हा कल्पेश पाठमोरा उभा होता. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

काल सुपरवायझर आले. "फ्लॉईड बेफिकीर होता एवढं तुम्ही सांगा, उद्याच त्याला काढतो." मी लगेच हो म्हटलं.

"नाय," कल्पेश म्हणाला. "पूजेच्या टायमाला गाडी मागं घेताना रिव्हर्सचा भोंगा बोंबलत होता. भटजींचे मंत्र ऐकू येईनात, म्हनून मीच वायर ओढली. आरती झाली, प्रसाद झाला, परत लावायची राह्यली. भोंगा वाजला असता तर मी बाजूला झालो नसतो?"

सुपरवायझर निघून गेले. मी खाली गेले. मला बघताच फ्लॉईड शिव्या खायला उठून उभा राहिला.

"वायर त्याने काढली, तुला ठाऊक होतं?"

"माझ्यासमोरच काढली, वहिनी."

"मग इतके दिवस माझं ऐकून का घेतलंस?"

"त्याचा पाय गेला. वर चूकपन त्याचीच, हे कोनत्या तोंडाने सांगू? आनि वायर नाय हे माहीत असून गाडी मीच मागं घेतली."

आता रागवायचं तरी कुणावर? मी त्याचा हात धरला आणि त्याला वर नेलं.

त्याला बघताच कल्पेशने चादर तोंडावर ओढून घेतली. खाली त्याचं एकुलतं पाऊल उघडं पडलं. ते धरून फ्लॉईड ओक्साबोक्शी रडला.