मिरियमच्या लग्नाचा रोस्ट

रील कुटुंबाच्या मळ्यात सेलरीच्या लांबच लांब रांगा उगवल्या तेव्हाच सगळ्या खोऱ्याला कळलं की यंदा या घरात लग्न आहे. रविवारच्या प्रार्थनेत वधूवरांची नावं जाहीर व्हायला अजून अवकाश होता आणि त्याआधी बोलायचं नसतं. पण इथे लग्नाच्या पंगतीला सेलरीची भाजी ढिगानं लागते, आणि नुसत्या सूपमध्ये चार काड्या टाकायला कोणी एवढी लावत नाही. शेजारणी कुंपणापाशी बग्गीचे घोडे हळू करत, रांगा डोळ्यांनी मापत आणि सविलाला हवापाण्याचं विचारून पुढे जात. सविलाही हवापाण्याचंच सांगे.

नवरी मिरियम, सविलाची नात. आणि या घराण्यातल्या प्रत्येक लग्नाचा रोस्ट आजवर सविलाच्या हातचा. भाजलेल्या कोंबड्यांचं हाडांवरून सोडवलेलं मांस, हातानं फाडलेला पाव, चिरलेली सेलरी, अंडी आणि सढळ लोणी, हे सगळं मोठ्या टबात कालवायचं आणि लग्नाच्या सकाळी पुन्हा भाजायचं. बटाटे, कोबी, सफरचंदाचा गर कोणीही करो, रोस्ट बिघडला की पंगत बिघडली.

तिचं कौतुक मात्र कधी कोणी केलं नव्हतं. कौतुकानं माणूस चढतो, आणि चढलेला माणूस देवापासून लांब जातो, असं अमेरिकेतले हे जुन्या रीतीचे ख्रिस्ती, आमिश लोक मानतात. म्हणून जेवण उत्तम झालं तरी म्हणायचं "चालेल", आणि घशाखाली उतरेना तरी "चालेल". सविलाची यात काही अडचण नव्हती. तिचा जमाखर्च परत येणाऱ्या भांड्यांवर चाले. कोणाचं कोशिंबिरीचं भांडं भरलेलंच परत गेलं, कोणाच्या पाईचा दुसरा तुकडा कोणी उचलला नाही, हे सगळं तिच्या डोक्यात नावानिशी जमा असे. नणंद फॅनीच्या पाईचं बूड वर्षानुवर्षं कच्चं राहतं ही गोष्ट तिच्या मते फक्त दोघांना ठाऊक होती. एक ती स्वतः आणि दुसरा फॅनीचा कुत्रा.

अशा बाईची चव मार्चमध्ये गेली.

ताप आला, उतरला, आणि जाताना जिभेची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. परत येईल, नाहीतर येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. बग्गीत बसताना नवऱ्यानं, एनोसनं विचारलं, "काय म्हणाले?"

"ताप गेला म्हणाले," सविला म्हणाली. तेही खरंच होतं.

तेव्हापासून ती हाताच्या सवयीवर स्वयंपाक करत होती. तव्यावरच्या आवाजावरून लोणी ओळखावं, पिठाच्या ताणावरून पाव ओळखावा. मीठ-साखरेला मात्र ना आवाज, ना ताण. एनोसनं कधी चकार शब्द काढला नाही. सूप पुढे आलं की मान खाली घालून प्रार्थना करायचा, चार घास खायचा आणि म्हणायचा, "चालेल." एकच हिशेब सविलाला जुळत नव्हता. जेवायच्या आधी हा माणूस रोज न चुकता "जरा गायीकडे बघून येतो" म्हणून उठे, ताटात निम्मं टाकून देई, आणि तरी त्याच्या पँटची बटणं तिला दोनदा पुढे सरकवून लावावी लागली होती.

म्हातारा-म्हातारी मोठ्या घराला जोडलेल्या लहान घरात राहत. मोठ्या घरात मुलगा लेव्ही आणि सून मालिंडा. मधे एक दार. मालिंडा ओहायोची. तिकडचे लोक जरा मोकळे बोलतात, हा सविलाच्या डोक्यातल्या जमाखर्चात तिच्या नावावर पडलेला पहिला डाग. दुसरा म्हणजे लग्न होऊन आल्या आल्या, सासूच्या रश्श्याबद्दल विचारलं तेव्हा तिनं खरंच उत्तर दिलं होतं. "मिरी थोडी जास्त झाली," असं. त्यानंतर घरातल्या कुठल्याही लग्नात मालिंडाची बढती बटाटे सोलण्यापलीकडे गेली नाही.

रविवारची प्रार्थना पाळीपाळीनं घरोघरी होई; ऑक्टोबरमध्ये ती पाळी त्यांच्या घरी आली. नंतरच्या जेवणाला सविलानं नेहमीप्रमाणे बीटचं गोड लोणचं ठेवलं. पुरुष उठले, बायका बसल्या, शेवटी पोरं बसली. लोणच्याच्या वाट्या जशा गेल्या तशा काठोकाठ परत आल्या. एकानंही तोंड वाकडं केलं नव्हतं. फॅनी तर निघताना म्हणाली, "लोणचं चाललं हं."

सविलानं ते डुकरांना नेऊन टाकलं. त्यातल्या एकानं वास घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. साखर घालायची राहिली होती, याबद्दल आता शंका उरली नाही.

म्हणजे प्रश्न असा होता. जीभ गेल्याचं सांगितलं तर टब हातातून जाणार, आणि नातीच्या लग्नात तिला खुर्ची, शाल आणि "तुम्ही बसा हो" मिळणार. नाही सांगितलं आणि चूक झाली, तर तीनशे माणसं मिरियमच्या लग्नात वाईट रोस्ट निमूट खाणार आणि "चालेल" म्हणणार. मिरियमला कोणी कधी सांगणार नाही, पण सगळ्यांच्या लक्षात राहील.

सविलानं सांगितलं नाही.

लग्न गुरुवारी होतं. नवऱ्या मुलानं, एल्मरनं, रिवाजाप्रमाणे कोंबड्यांच्या माना स्वतःच्या हातानं उडवल्या आणि त्यानंतर दिवसभर त्याला जेवण गेलं नाही. बुधवारी दुपारी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. जोडप्या-जोडप्यांनी आलेले नातेवाईक टेबलांभोवती बसून मांस सोडवत होते, पाव फाडत होते. दाराजवळ बादलीभर बटाटे घेऊन मालिंडा बसली होती. नवरीची आई असली म्हणून काय झालं.

सविला टबात कोपरापर्यंत हात घालून कालवत होती. फॅनी शेजारी अंडी फोडत होती आणि बोलत होती.

"एल्मर काटकुळाच आहे, नाही गं? आमच्या घोड्याला ओढायला दिलं तर हाच खेचला जाईल."

"मिरियम घोडा शोधत नव्हती," सविला म्हणाली.

"तू एनोसला बघितलंस तेव्हा कुठे काय शोधत होतीस."

"मी तुझ्या भावाची दया आली म्हणून हो म्हटलं."

बायका हसल्या. सविलाही हसली, मिठाच्या डब्याकडे हात नेला आणि थांबली. मीठ घातलं होतं का? घोड्याची गोष्ट निघायच्या आधी घातलं, की एनोसच्या थट्टेत घालायचं राहिलं? दरवेळी अशी शंका आली की बोटभर घेऊन जिभेवर ठेवायची, की झालं. तिनं सवयीनं ठेवलं. ओला कापूस चघळल्यासारखं लागलं.

"घातलंय," असं मनाशी ठरवावं, की "नाही" असं? तिनं "नाही" ठरवलं आणि मीठ घातलं. घातल्यावर पुन्हा शंका आली.

"फॅनी, जरा चाखून बघ."

फॅनीनं चाखलं. तिच्या भुवया किंचित वर गेल्या आणि परत जागेवर आल्या. "चालेल की."

सविलानं एनोसला बोलावलं. त्यानं घास घेतला, बराच वेळ चावला आणि छताकडे बघून म्हणाला, "चालेल."

लेव्ही म्हणाला, "चालेल, आई." बिशपची बायको म्हणाली, "आमच्याकडे तर चालेल." टेबलाभोवती टोपी हलली नाही असं एक डोकं नव्हतं. सगळे तिच्या मानाला जपत होते, आणि सविलाला उभ्या आयुष्यात एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं. स्वयंपाकघरभर माणसं, आणि खरं सांगणारं एक नाही.

एक होतं. बटाट्यांच्या बादलीपाशी.

सविलानं चमचा भरला, दाराशी गेली आणि हळूच म्हणाली, "मालिंडा, कोठीत ये."

कोठीत बरण्यांच्या फळ्या आणि थंडावा. सविलानं दार लोटलं.

"चाख. आणि ते आपलं नेहमीचं म्हणायचं नाही. मला कळत नाही आता. मार्चपासून."

मालिंडानं आश्चर्य दाखवलं नाही. तिनं घास घेतला. "आई, मीठ दोनदा पडलंय."

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"जूनपासून. तुमच्या स्ट्रॉबेरीच्या मुरंब्यात मीठ होतं."

"मग बोलली का नाहीस? एरवी तर बोलतेस."

"एकदा बोलले होते. त्याचे बटाटे अजून सोलतेय."

 मग एकदम तिच्या ध्यानात आलं. "एनोस गायीकडे जातो तो..."

"माझ्याकडे येतात. बिचारे उभ्या उभ्याच जेवतात, वेळ लागला तर तुम्हाला संशय येईल म्हणून. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते." मालिंडानं फळीखालचं कापड बाजूला केलं. दोन टोपल्या पाव, शेजारी बिनमिठाचा कोंबडीचा रस्सा, धुऊन ठेवलेली सेलरी. "काहीतरी होणार असं वाटलंच होतं. तुम्ही आडव्या झालात की मी कालवून ठेवणार होते. कोणाला कळलं नसतं."

सविला त्या टोपल्यांकडे बघत राहिली. पाव आजचे नव्हते. रोस्टला शिळाच पाव लागतो, ताजा लगदा होतो. म्हणजे पोरीनं दोन दिवस आधी भाजून ठेवले होते, स्वतःच्या लेकीच्या लग्नाच्या गडबडीत, आणि तेही सासूचं नाव राहावं म्हणून.

"असं करू," मालिंडा म्हणाली. "हे बिनमिठाचं त्यात घालून टब दोन करू, म्हणजे मीठ बेताचं होईल. कालवायला मी हात लावते. तुम्ही चमचा धरून उभ्या राहा. किती काय ते मी मागून सांगेन. लोक समजतील माणसं वाढली म्हणून वाढवलं."

सविलानं मान डोलावली. नाव राखायचा मोह चांगला मजबूत होता, आणि वर सुनेच्या हातानं वाढलेला.

तसंच झालं. टब दोन झाले. मालिंडा कोपरापर्यंत हात घालून कालवत होती, मधेच बोट चाखत होती आणि पुटपुटत होती, "अजून अंडी. सेलरी. आता लोणी, आई, हात आखडू नका." सविला चमचा धरून उभी होती. तिनं पाहिलं की मालिंडा पाव दाबत नाही, खालून उचलते, म्हणजे तुकडा तुकडा सुटा राहतो. हे तिनं तिला कधी शिकवलं नव्हतं. बादलीपाशी बसून पोरगी इतकी वर्षं बघत होती. आणि एक गोष्ट अशी होती जी सविला स्वतः करत नसे. ती रस्सा एकदम न ओतता ओंजळीनं शिंपडत होती.

गुरुवारी सकाळभर प्रार्थना, उपदेश, मग शपथा. मिरियमनं आवाज न कापता "हो" म्हटलं. बाकांची टेबलं झाली, पानं सजली आणि रोस्टच्या पहिल्या पराती बाहेर गेल्या.

सविला स्वयंपाकघराच्या दारात परतणाऱ्या भांड्यांची वाट बघत उभी राहिली. पहिली परात आली. रिकामी. दुसरी आली, तिच्या कडा कोणीतरी पावानं पुसून घेतल्या होत्या. आजवर तिच्या स्वतःच्या परातींच्या कडा कोणी पुसल्याचं तिला आठवेना, आणि तिला असल्या गोष्टी आठवत. एल्मर, ज्याला काल कोंबडी बघवत नव्हती, तो तिसऱ्यांदा वाढून घेत होता.

फॅनी भांडी घेऊन आत आली. तिच्यामागे बिशप गिडियन कॉफीचा कप पुढे करून उभे होते. आत भांडी घासणाऱ्या बायका होत्या, आणि हौदापाशी बाह्या वर केलेली मालिंडा.

फॅनीनं परात खाली ठेवली आणि जे त्या खोऱ्यात कोणी कोणाला म्हणत नाही ते म्हणून बसली. "सविला, काल मला धाकधूक होती. खरं सांगते. पण तुझा हात अजून तसाच आहे. उलट सुधारलाय."

बायकांचे हात पाण्यात थांबले. मालिंडानं वळून पाहिलं नाही. तिच्या पाठीवरूनच कळत होतं की ती म्हणतेय, घ्या, तुमचंच आहे.

घेतलं असतं तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. सविलाचा टब सविलाकडे राहिला असता, मालिंडा मागून पुटपुटत राहिली असती, आणि दोघींनी ते मरेपर्यंत निभावलं असतं.

"हात माझा नाही," सविला म्हणाली. "माझी जीभ मार्चमध्येच मेली. त्या बीटच्या लोणच्यात साखर नव्हती, आणि तू ते चाललं म्हणालीस, फॅनी. काल दोनदा मीठ मी घातलं आणि तुम्ही सगळ्यांनी तेही चालवून घेतलंत. रोस्ट मालिंडानं केलाय. सगळा. आणि मी करायचे त्याहून चांगला केलाय. मला चव लागत नाही, पण परात वाचता येते."

 एनोस बाहेरच्या बाकावर बसून कॉफीत इतकं लक्ष घालत होता की त्यानं सगळं ऐकलं होतं हे उघड होतं.

"म्हणजे पुढच्या गुरुवारी आमच्याकडे..." फॅनीनं सुरुवात केली. तिच्याही घरी लग्न होतं.

"मालिंडा येईल. चमचा तिच्या हातात राहील," सविला म्हणाली. "मी पाव फाडायला येईन. आणि पाई कोण करतंय ते आधी सांग, म्हणजे मी घरून जेवून येते."

पहिल्यांदा हसली ती मालिंडा. तिचा चेहरा कपाळापासून मानेपर्यंत लाल झाला होता, आणि डोळे वाफेनं ओले झाले असावेत, कारण हौदातलं पाणी गरम होतं.

बिशप गिडियननी घसा साफ केला. आता गर्वावर दोन शब्द येणार, असं समजून बायकांनी माना खाली घातल्या.

"मालिंडा," ते म्हणाले, "अजून थोडा रोस्ट उरलाय का?"

मालिंडानं हात पुसून त्यांचं पान भरलं. सविला बघत होती. छातीत काहीतरी असं फुगून आलं होतं की टोपीची नाडी सैल करावीशी वाटली. तो गर्व होता, याबद्दल तिला शंका नव्हती. असा गर्व बाळगायचा नसतो आणि वर्षातून दोनदा होणाऱ्या प्रभुभोजनाच्या विधीआधी त्याची कबुली देऊन मोकळं व्हायचं असतं. पण शरदातलं प्रभुभोजन नुकतंच होऊन गेलं होतं, आणि पुढचं थेट वसंतात. तोवर अख्खा हिवाळा होता. तेवढे दिवस हा गर्व तिनं सुनेच्या नावानं ठेवून घ्यायचं ठरवलं.