सतरंजीवरचा गार्देल

भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये त्या शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध मोठी लाल सतरंजी. तिच्यावर अकरा म्हातारी माणसं, कानांत ऐकायची मशीन, डोळे मिटून. भोवती दीड-दोनशे बघे, मोबाईल उंचावलेले. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि त्या शांततेत ती अकरा माणसं गाणं ऐकत माना डोलवत होती. आम्हा कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

"बघितलंस यतीनभाई? बहरे सुनते हैं, और हम बहरे!" सेक्रेटरी धर्मेशभाई माझ्या कानाशी कुजबुजले. त्यांच्या हातावर काटा आला होता.

माझं लक्ष सतरंजीच्या कडेला बसलेल्या विमलाआत्याकडे होतं. तिचे ओठ सुकले होते, डोळे खोल गेले होते. सात दिवस तिने इन्सुलिन घेतलं नव्हतं. सकाळी साखर चारशेच्या वर. डॉक्टर म्हणाले होते, असेच आणखी चार दिवस गेले तर ती बेशुद्ध पडेल आणि मग आपल्या हातात काही राहणार नाही. चार दिवसांनी तारीख होती चोवीस जून.

ती तारीख तिला मेलेल्या माणसाने दिली होती.

आत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण, भाईंदरजवळच्या मुर्धा गावची. तिचे यजमान परशुरामकाका जहाजावर इंजिनात काम करायचे. एकदा अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयर्सहून त्यांनी कार्लोस गार्देल नावाच्या टँगो गायकाची रेकॉर्ड आणली. मिठागराच्या कडेच्या घरात रोज संध्याकाळी ती वाजायची. आत्याला त्यातला एक शब्द कळत नसे, पण पाठ सगळी. काका जाऊन अकरा वर्षं झाली, तरी रेकॉर्ड तिने जिवापाड जपली.

आणि मग उगवला साईराज. आधी क्लबहाउसमध्ये टँगो नाच शिकवायचा. क्लासला चार माणसं येईनात, तेव्हा स्वारीला साक्षात्कार झाला. जुन्या रेकॉर्डी मागत दारोदार फिरला, आत्याकडची घेऊन गेला, चहा पिता पिता काकांची सगळी कहाणीही घेऊन गेला. महिन्याभरात साईराजचा 'सर' झाला.

"गार्देलजी गायक नव्हते हो! महायोगी होते!" सर माईकवरून सांगायचे. "विमानात देह ठेवला. जळाले नाहीत, ध्वनीत विरघळले! ज्याचे कान जगाला बंद, त्यालाच त्यांचा आवाज. गेलेली माणसं त्यांच्या मागून बोलतात. चला, कानामागचं बटण दोनदा दाबा. जगाचं दार बंद करा. सोनं, औषधं, सगळी ओढ इथे पेटीत सोडा." एवढं बोलून ते पडद्यामागच्या खोलीत समाधीला जायचे. आणि आवाज यायचा.

मागच्या शनिवारी त्या आवाजाने आत्याला नाव घेऊन बोलावलं होतं: चोवीस तारखेला ये. गार्देल गेला ती तारीख. अकराच्या अकरा जणांनी एकाच वेळी एकच वाक्य ऐकलं! भास म्हणून उडवायचं तरी कसं? आत्याने बांगड्या पेटीत टाकल्या, घरी येऊन इन्सुलिनचं पेन कचऱ्यात. सून विनिता पाया पडली, रडली.

"त्यांनी बोलावलंय मना," आत्या शांतपणे म्हणाली. "आता सुयांची काय गरज हाय?"

त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. ती मरायला नुसती तयार नव्हती, आनंदाने तयार होती. आणि आवाजाने दिलेली तारीख खरी करायला भुताची गरजच नव्हती, कचऱ्यातलं पेन पुरेसं होतं.

माझा धंदा कानाच्या मशीनचा. भाईंदर पूर्वेला छोटं दुकान आहे. बहिऱ्यांशी ओरडून ओरडून माझा स्वभावही तापट झालाय. मी सतरंजीवर आत्याशेजारी जाऊन बसलो आणि तिच्या हाताला हात लावला.

"आत्या, बॅटरी संपत आली असेल. बघू दे मशीन."

तिला ऐकू गेलं नाही. मी खुणेने सांगितलं, तेव्हा कुरकुरत तिने एका कानातलं काढून दिलं. मशीन तपासायची नळी माझ्या खिशात असतेच. ती जोडून मी कानाला लावली.

खरखरीत, दूरचा, गोड आवाज गात होता. समोर हॉल चिडीचूप आणि माझ्या कानात नव्वद वर्षांपूर्वी गेलेला माणूस! गाणं हळू झालं आणि अगदी जवळून कुणीतरी म्हणालं, "विमल, मी परशुराम. बुधवारी वाट बघतोय. सुई घेऊ नकोस."

आत्याच्या दुसऱ्या कानातही तेच गेलं असणार. तिने डोळे मिटूनच हात जोडले. आणि माझी, दिवसभर मशीन खोलणाऱ्या माणसाची, बोबडी वळली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी विश्वास ठेवला. मशीन हातातून सुटून घरंगळत गेलं आणि सतरंजीबाहेर फरशीवर पडलं.

मी रांगत बाहेर गेलो, ते उचललं, नळी पुन्हा कानाला लावली. काही नाही. मशीन बिघडलं म्हणत सतरंजीवर परतलो. गाणं चालू! बाहेर गेलो. बंद. आत आलो. चालू.

अरे! हा कसला महायोगी, ज्याला सतरंजी ओलांडता येत नाही?

मी कपाळावर हात मारून घेतला. कारण ते बटण मीच दिलं होतं. या मशीनमध्ये बारीक तारेचं एक वेटोळं असतं. बटण दाबलं की मशीनचा माईक बंद होतो आणि ते वेटोळं फोनमधली चुंबकी थरथर पकडून तिचा आवाज करतं. गलक्यातही फोन नीट ऐकू यावा म्हणून ही सोय. आणि खोलीभोवती तार फिरवून तिला अॅम्प्लिफायर जोडला, तर तारेच्या आतल्या प्रत्येक मशीनला आवाज मिळतो आणि चांगल्या कानाच्या माणसाला काहीच नाही. आत्याला मशीन देताना मी काय सांगितलं होतं? "दोनदा दाब, फोन ऐकू येईल. बाकी हात लावू नकोस." का ऐकू येईल, ते सांगायला मला वेळ नव्हता.

सतरंजीची कड उचलली. खाली बारीक तांबडी तार, चारी बाजूंनी. तिचं टोक पडद्यामागे गेलेलं.

"ए यतीन! समाधी तूट जाएगी!" धर्मेशभाई घाबरून धावले.

"तुटू दे," म्हणत मी दार ढकललं. सर समाधीत होते खरे: एका हातात माईक, दुसऱ्यात कागद, समोर आत्याची रेकॉर्ड फिरतेय. कागदावर लिहिलेलं, 'विमलाबाई. नवरा परशुराम. जहाज.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी माईक हिसकावला आणि तोंडाशी धरला.

"आत्या, मी यतीन बोलतोय. तुझा भाचा. ऐकू येत असेल तर हात वर कर."

पडदा मी बाजूला ओढलेलाच होता. सतरंजीवर अकरा हात वर झाले. बघ्यांपैकी एकाचाही नाही.

"हा आवाज काकांचा नाही. या साईराजचा आहे. सगळ्यांनी उठा, सतरंजीबाहेर एक पाऊल टाका."

एकेक जण उठला, बाहेर पडला, थबकला, परत आत आला. दोन-तीनदा. आत्या शेवटी उठली. कडेवर कितीतरी वेळ उभी राहिली. मग पाऊल बाहेर टाकलं, आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. मी बटण दाबून मशीनचा माईक पुन्हा चालू केला आणि ते तिच्या कानात घातलं.

"म्हंजे ते आलेच न्हाय?"

"नाही गं आत्या."

"आनि तू मना बटनाचं नीट सांगितलंस न्हाय."

मी तिचा हात धरून तिला खाली रिक्षात बसवलं, विनिता तिला घेऊन थेट हॉस्पिटलात गेली. धर्मेशभाईंनी क्लबहाउसला कुलूप लावलं, साईराज आतच. पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. पेटीतलं सोनं ज्याचं त्याला मिळालं.

गार्देल मात्र खरा. कोलंबियात धावपट्टीवर विमानांची टक्कर होऊन तो गेला. तो वाचला, भाजलेलं तोंड लपवून गावोगाव गातो, अशी अफवा तिकडेही होतीच. त्याच्या पुतळ्याच्या हातात लोक अजून पेटती सिगारेट ठेवतात, आणि तो दिवसेंदिवस जास्तच चांगला गातो असं म्हणतात. म्हणू देत. आवडत्या माणसाची आठवण काढायला बंदी नाही. पण आठवण तुम्हाला औषध सोडायला सांगत नाही. तसं सांगणारा आवाज कुणाचा आहे, कुठून येतोय, हे विचारायलाच हवं, भीती वाटत असताना तर जास्तच. आणि माझ्यासारख्या मशीनवाल्यांनो, बटण देता तर त्याने होतं काय तेही सांगा.

चोवीस जूनला आत्या घरी आली. तीच तांबडी तार मी तिच्या खोलीत फिरवली, तिच्यासमोर, प्रत्येक जोड दाखवत. तिने इन्सुलिन घेतलं, रेकॉर्ड लावली, बटण स्वतः दाबलं. आता शेजारच्या बायका कुतूहलाने यायला लागल्यात. त्यांच्यातल्या एकीने परवा भीत भीत विचारलं, असा आवाज आम्हाला आला तर काय करायचं?

"काय करायचा?" आत्या म्हणाली. "आधी सतरंजीभायेर एक पाऊल टाकायचा."