मान वळवणारा गडी

माझ्या भावोजींना सगळे 'सर' म्हणतात. फुटबॉलच्या मैदानावर मीही सरच म्हणायचो, घरी ताईसमोर भावोजी. नऊ वर्षं मी त्यांच्या बचावफळीत स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, होतो. त्या नऊ वर्षांत त्यांनी जे शिकवलं, त्याच्याच जोरावर त्यांना बुडवायचं, हे एकच काम गेली तीन वर्षं मी मनापासून केलं. बाकीची कामं पगारापुरती.

सरांची पद्धत आधी सांगतो, नाहीतर माझा राग कळायचा नाही. चार बचावपटू एका रेषेत उभे. समोरचा चेंडू टोलवणार असं दिसलं की स्टॉपर 'वर!' अशी हाक देतो आणि चौघं एकदम तीन-चार पावलं पुढे सरकतात. चेंडू सुटताना आमच्या मागे उरलेले समोरचे फॉरवर्ड नियमाबाहेर, म्हणजे ऑफसाइड, पंचांची शिट्टी, खेळ खल्लास. सांगायला सोपं आहे. करताना चौघांचं पाऊल एकाच क्षणी पडावं लागतं. त्यासाठी सर सरावात चौघांच्या कमरेला एकच दोर बांधायचे. एक जण रेंगाळला की चौघंही तोंडावर. नवा बचावपटू निवडताना ते त्याचा वेग नंतर बघायचे, आधी टेप काढून त्याची ढांग मोजायचे.

आणि मान वळवलेली त्यांना अजिबात खपायची नाही. नजर चेंडूवर आणि कान हाकेवर, बस्स. जो गडी मान वळवून लांबच्या कडेला काय चाललंय ते बघतो, तो पाव क्षण उशिरा निघतो आणि रेषा मोडतो, असं त्यांचं शास्त्र. चांगली चांगली पोरं त्यांनी एवढ्यावरून घरी पाठवली. मी चोरून बघायचो. नऊ वर्षांत त्यांना पत्ता लागला नाही, यातच त्यांच्या शास्त्राची किंमत कळते.

तीन वर्षांपूर्वी कपची फायनल होती. चार मिनिटं उरलेली, बरोबरी. चेंडू डावीकडे होता. मी सवयीने मान वळवली तर उजव्या कडेने त्यांचा एक जण सुसाट निघालेला. तो आमच्या रेषेच्या पुढून, पार लांबून पळत येत होता, म्हणजे ऑफसाइडमध्ये सापडणार नव्हता. अशा वेळी वर जायचं नसतं. मी हाक देणारच नव्हतो. तेवढ्यात कडेला उभे असलेले सर स्वतः ओरडले, 'वर! वर!' कमरेला दोर नव्हता तरी पाय निघाले. तो पोरगा आमच्यामधून गेला आणि गोल झाला.

तासाभराने सर पत्रकारांना म्हणाले की योजनेत दोष नव्हता, हाक चुकली, स्टॉपरचं डोकं आता थकलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी तेहतीस वर्षांचा होतो, अजून चार वर्षं सहज खेळलो असतो. पण डोकं थकलेला स्टॉपर कोण घेणार? कोणीच घेतला नाही. तोंड उघडावं तर पलीकडे ताईचा संसार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी खाल्ला, आणि त्या दिवसापासून त्या माणसाला पाण्यात पाहायला लागलो.

पुढे एका लहान क्लबने मला बचावाचा प्रशिक्षक म्हणून ठेवलं. माझी खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, धुलाई मशीनशेजारी. मशीन सुरू झालं की टेबलावरचा चहा थरथरतो. मुख्य कोच भला माणूस, गुडघ्यांनी बेजार. मी काहीही विचारलं की म्हणायचे, तूच बघ रे. मी बघितलं. दोन वर्षांत आमचा क्लब वरच्या गटात आला, आणि यंदा लीगचा शेवटचा सामना नेमका सरांच्या क्लबशी पडला.

आम्ही दहावे होतो, हरलो काय नि जिंकलो काय, सारखंच. त्यांना मात्र निदान बरोबरी हवी होती. हरले तर क्लब खालच्या गटात आणि सर घरी. असल्या सामन्यासाठी कोणी घाम गाळत नाही. मी सहा आठवडे गाळला.

सापळा असा होता. आमच्या दोन फॉरवर्डनी मुद्दाम त्यांच्या रेषेला लागून उभं राहायचं, रेषा वर गेली की ऑफसाइड होतील असं, कंबरेवर हात, कंटाळलेला चेहरा. यातल्या एकाला काही शिकवावं लागलं नाही. त्यांना बघून सरांची रेषा खुशीत वर सरकणार. चेंडू त्यांच्याकडे जाणारच नाही. लांबच्या कडेने आमचा उजवा बॅक धावत येणार आणि चेंडू त्याच्यापुढे पडणार. दिवसभर वरखाली पळतो म्हणून त्याला आम्ही पोस्टमन म्हणतो. मान न वळवणाऱ्या चौघांना तो दिसणारच नव्हता.

सामन्याच्या आधी दोन दिवस ताई आली. खोलीत खुर्ची एकच, ती मी दिली तर म्हणाली नको, आणि चेंडूंच्या पोत्यावर बसली. सरांच्या रेषेत आता माझ्या जागी तिचा मुलगा खेळत होता, माझा भाचा. बावीस वर्षांचा, सहा फुटांच्या वर, घरात लंबू. हेडर मारायला त्याला मी शिकवलं, त्यांच्याच अंगणात. मामाच्या चुकीने बाबांचा कप गेला, हे ऐकतच तो मोठा खेळाडू झाला. तरी भेटला की पाया पडायचा.

"तू काहीतरी आखतोयस," ताई म्हणाली. "तुझा चेहरा मला वाचता येतो."

मी नाही म्हटलं नाही.

"तुला नक्की काय हवंय?"

"त्यांनी चारचौघांत सांगावं, की फायनलची हाक त्यांची होती. तेवढं म्हणाले तर आमचे कोच सगळ्यांना विश्रांती द्यायला टपलेत. मी अडवणार नाही."

ताईने पोत्याचा बंद घट्ट केला. मग म्हणाली, "मी विचारते. आणि लंबूचं काय?"

मी म्हटलं, लंबूचा यात काय संबंध. तेव्हा मला ते खरंही वाटत होतं, असं लिहायला आवडलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा निरोप आला. ते म्हणतात, जुनं उकरण्यात अर्थ नाही. मी कोचांना सांगितलं की संघ पूर्ण ताकदीचा उतरवायचा. ते म्हणाले, तूच बघ रे.

पहिला अर्धा भाग मी सापळा वापरू दिला नाही. सरांच्या रेषेने आमच्या फॉरवर्डना सहा वेळा ऑफसाइड पकडलं आणि सर प्रत्येक वेळी खिशात हात घालून दोन पावलं मिरवले. मिरवा, म्हटलं. साठाव्या मिनिटाला मी टोपी काढली, हीच खूण होती. आमचे दोघे फॉरवर्ड कंटाळून उभे राहिले, लंबूने 'वर!' अशी खणखणीत हाक दिली, चौघं एका ढांगेत सरकले. पोस्टमन त्यांच्या पाठीमागे एकटा होता. गोलकीपरला चुकवायला त्याला घाईसुद्धा करावी लागली नाही. मी बाकावर बसून होतो, आणि खरं सांगतो, तीन वर्षांत एवढा सुखाचा घोट गिळला नव्हता.

पण माझा खरा डाव त्यापुढचा होता. लंबू हुशार आहे. एकदा फसलेला हुशार गडी पुढच्या वेळी मान वळवून बघणार, त्याला पोस्टमन दिसणार, आणि वर न जाता तो तिथेच थांबणार. मी थांबलो असतो. तो थांबला की रेषा मोडते, आणि त्याच्या बरोबरीने आळसावून उभे असलेले फॉरवर्ड आपोआप नियमात बसतात. मग चेंडू पोस्टमनला द्यायचाच नाही, त्यांना द्यायचा.

पंच्याहत्तराव्या मिनिटाला हेच झालं. लंबूने मान वळवली. कडेवरून सर घसा फाडून ओरडत होते, "वर! लंबू, वर!" तो थांबला. बाकी तिघं गेले. चेंडू त्याच्या डोक्यावरून आमच्या आळशाकडे गेला आणि त्याने तो गोलात ढकलला. ऑफसाइडसाठी हात वर करून तिघं उभे होते आणि त्या सगळ्यांच्या मागे लंबू एकटा, हात खाली. त्यांच्याच प्रेक्षकांनी त्याला शिव्या घातल्या, त्याच्या आईवरून. म्हणजे माझ्या बहिणीवरून. मी खाली बघून बुटाची नाडी बांधली.

दोन-शून्य. सरांचा क्लब खालच्या गटात गेला.

पत्रकारांच्या खोलीत मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. सर आता काय करणार हे मला पाठ होतं. योजना बरोबर, पोराचं चुकलं. स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या मुलाला बुडवताना ते कसे दिसतात, हे बघायला मी आलो होतो. पहिलाच प्रश्न तो आला, चष्मा लावलेल्या एका बाईंनी विचारला. दोन्ही गोल स्टॉपरमुळे झाले का?

सरांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"पहिली हाक मी दिली होती," ते म्हणाले. "दुसऱ्या वेळी त्याला थांबायलाही मीच सांगितलं. चूक माझी आहे. मुलाला काही लिहू नका."

दोन्ही गोष्टी धादांत खोट्या. पहिली हाक लंबूची होती आणि दुसऱ्या वेळी सर काय ओरडले ते अख्ख्या मैदानाने ऐकलं होतं. तरी पत्रकारांनी माना डोलावल्या आणि लिहून घेतलं. आपला तो बाळ्या. जे वाक्य त्या माणसाला माझ्यासाठी खरं असूनही म्हणता आलं नाही, ते मुलासाठी खोटं असूनही तो सहज म्हणून गेला. दोन गोल मारून, क्लब बुडवून मी त्याला जन्मात पहिल्यांदा मोठा माणूस करून ठेवला होता.

बाहेर बोळात मी त्यांना गाठलं.

"फायनलची हाक कोणाची होती, भावोजी?"

"माझी," ते म्हणाले. इतकं सरळ म्हणाले की मी वाटेतून बाजूला झालो. "तू मनाने घट्ट होतास. पचवशील असं वाटलं." मग म्हणाले, "तुझी ताई गाडीत बसली आहे. आज नको भेटूस तिला."

ते गेले. बोळात आम्ही दोघंच होतो, ऐकायला कोणी नव्हतं, आणि तीन वर्षं ज्यासाठी जळलो ते मला मिळालं होतं. त्याचं काय करायचं ते मला कळेना.

कपडे बदलायच्या खोलीतून लंबू पिशवी खांद्यावर टाकून आला. डोळे लाल होते. नेहमीसारखा वाकला नाही, समोर उभा राहिला.

"मामा, एकच विचारतो. पहिला गोल सगळ्यांसाठी होता. दुसरा फक्त माझ्यासाठी आखला होतास ना? मी मान वळवणार, थांबणार, हे तुला माहीत होतं."

हो म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही रे," मी म्हटलं. "खेळात होतं असं."

त्याने माझा हात खांद्यावरून हळूच खाली काढून ठेवला, बरं म्हणाला, आणि आईच्या गाडीकडे गेला.