ओल्या फळ्यांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि फार दमलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या बोलण्यात कुठे कुरकुर आली तर तुम्ही मनावर घेणार नाही. डबा म्हणजे तुम्ही शाळेत नेता तसला नव्हे. मी चांगला खोलीएवढा आहे. माझ्या भिंती दुहेरी आहेत आणि मध्ये जाड फोम भरलेला आहे. माझे दार उघडताना बिजागरी अशी किंचाळते, की पलीकडच्या टेकडीवरची मेंढरे माना वर करतात.

माझे तारुण्य आइस्क्रीमच्या ट्रकवर गेले. तेव्हा माझा रंग निळा होता आणि अंगावर एक हसरे पांढरे अस्वल होते. द्रिना नदीच्या काठाने आम्ही गावोगाव हिंडायचो आणि पोरे मागे धावायची. उन्हाला आत येऊ द्यायचे नाही, एवढेच माझे काम, आणि ते मी चोख केले. पण एक दिवस ट्रकचे इंजिन बसले. ड्रायव्हर देसिमीरने ट्रक स्वतःच्या परसात आणून लावला, तो तिथेच राहिला. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. अस्वलाचे तोंड गंजून गेले. एकदा कौतुकाची सवय लागली, की असले दिवस फार जड जातात.

देसिमीरच्या कुंपणापलीकडे वुकोमान राहतो. लाकूड कापणे हा त्याचा धंदा. पन्नाशी उलटलेला, हाडापेराने मोठा, आणि हट्टी म्हणजे किती हट्टी! एकुलत्या एका मुलीने, रादेन्काने, त्याला न विचारता लग्न ठरवले म्हणून हा बाबा तिच्या लग्नाला गेला नाही. सूट इस्त्री करून खिडकीत टांगलेला मी स्वतः पाहिला आहे. दिवसभर तो तसाच लटकत होता. वुकोमानची आई क्र्स्तिना अजूनही त्याला त्यावरून टोचून बोलते. ऐंशी पार केलेली ही म्हातारी मूठभर आहे, पण तिच्यापुढे वुकोमानचे काही चालत नाही.

एका शरद ऋतूत उझित्से शहरातून रादेन्काचा फोन आला. वुकोमान अंगणात उभा राहून नुसता ऐकत होता.

"काय म्हणते?" आईने विचारले.

"बाळ होणार आहे. वसंतात. म्हणाली, यायचं तर या."

"मग?"

"कोणत्या तोंडानं जाऊ, आई? तेही रिकाम्या हातानं?"

"तोंड आहे तेच घेऊन जा. दुसरं कुठून आणणार? हाताचं मात्र बघ काहीतरी."

त्याच महिन्यात अवेळी बर्फ पडले. पाने अजून झाडावर होती, त्यांवर बर्फाचे ओझे बसले आणि वुकोमानच्या अंगणातला अक्रोड मुळासकट आडवा झाला. वुकोमान त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "पाळणा."

पण ओल्या लाकडाचा पाळणा होत नाही, मित्रांनो. आज नीट बसवलेला सांधा उद्या उघडा पडतो. सावलीत रचून ठेवल्या तर अक्रोडाच्या फळ्या वाळायला वर्षाहून जास्त लागते. बाळ काही तितके थांबणार नव्हते. तेव्हा वुकोमानची नजर कुंपणावरून माझ्याकडे वळली. उन्हाला बाहेर ठेवणाऱ्या भिंती उबेला आतही ठेवतील, हे त्याच्या डोक्यात आले. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे कामाच्या नजरेने पाहिले होते. मला भरून आले.

आधी झाड कापणे आले. वुकोमान आणि देसिमीर, दोघांनी खोड दोन ओंडक्यांवर चढवले. पहिला काप सरळ यावा म्हणून खोडाच्या पाठीवर लाकडी शिडी ठोकली आणि पेट्रोलची करवत लोखंडी चौकटीत बसवून त्या शिडीवरून ढकलत नेली. वुकोमान करवतीवर, देसिमीर मागून कापात पाचर मारायला.

"अरे, ही फळी आहे की पायरी?" देसिमीर ओरडायचा. "इकडे जाड, तिकडे पातळ!"

"तू पाचर मार नीट. ट्रक चालवताना तरी तुला रस्ता सरळ दिसायचा का?"

"मला दिसायचा. रस्त्यालाच मी दिसत नव्हतो."

फळ्या निघाल्या तेव्हा मात्र दोघेही वाकून बघू लागले. ओला अक्रोड आतून जांभळट असतो आणि त्यावरच्या रेषा वाहत्या पाण्यासारख्या दिसतात. करवतीच्या थरथरीने वुकोमानची बोटे पांढरी पडून बधिर झाली होती, तरी त्याच बोटांनी तो फळी चाचपत राहिला.

मग माझी पाळी आली. मला ट्रकवरून उतरवून वुकोमानच्या अंगणात विटांवर बसवले. बाहेर एका पिंपाची शेगडी केली आणि तिचा धुराचा नळ माझ्या पोटातून फिरवला. माझ्याच ट्रकच्या रेडिएटरचा पंखा काढून आत बसवला. दमट हवा जायला वर एक झाकणाचे भोक पाडले, कोरडी हवा यायला खाली एक. टोके आधी सुकून फाटू नयेत म्हणून फळ्यांच्या टोकांना रंग फासला आणि हवा खेळायला मध्ये पट्ट्या घालून त्या एकावर एक रचल्या. "जन्मभर यानं थंडी वाहिली," देसिमीर माझ्या दारावर थाप मारून म्हणाला, "आणि म्हातारपणी आता ताप आला बिचाऱ्याला."

या कामाचा नियम एकच आहे. ऊब मंद हवी, हवा जरा दमट हवी आणि दार बंद हवे. घाई केली तर लाकूड वरून सुकते, पोटात ओले राहते आणि मग स्वतःलाच फाडून घेते. वुकोमान हे जाणून होता. पहाटे उठून तो शेगडीत मोजकेच लाकूड घाली आणि झाकणातून निघणाऱ्या वाफेचा वास घेई. मीही जिवापाड सांभाळले. सगळे छान चालले होते.

मग जानेवारीत वुकोमानच्या घराच्या रक्षक संताचा सण आला; असा एक संत इथे प्रत्येक घराला असतो. त्या दिवशी आमच्याकडे कुणाला आमंत्रण नसते, ज्याला यायचे तो येतो. घरधनी दिवसभर उभा राहून वाढतो, आणि पाहुण्याला "नाही" म्हणत नाही. सारा गाव लोटला. उकडलेला गोड गहू झाला, भाजलेले डुक्कर झाले, आलुबुखारची राकिया, म्हणजे आमची घरची दारू, झाली. राकिया पोटात गेल्यावर देसिमीरला माझी आठवण झाली.

"आइस्क्रीमच्या डब्यात उन्हाळा बघायचाय का कुणाला?" तो ओरडला.

सगळ्यांनाच बघायचा होता. वुकोमानचा चेहरा उतरला. पण पाहुणा दारात उभा राहून आत बघू का म्हणतो आहे, त्याला काय सांगणार? त्याने दार उघडले. बाहेर हाडे गोठवणारी थंडी होती, ती भसकन आत शिरली. लोक पेले घेऊन आत आले, पाठी शेकू लागले. एक गट गेला की दुसरा यायचा. कुणी भला माणूस यजमानाला मदत म्हणून शेगडीत लाकडे कोंबून गेला. मी बिजागरीने किंचाळत होतो. लोक हसून म्हणत, बघा, गातोय!

दुपारी पहिली फळी तडकली. मोठा आवाज झाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वुकोमानला मात्र तो आवाज कळला. तो हातात सुरई घेऊन दारात उभा होता. क्षणभर त्याने डोळे मिटले. मग समोरच्या नव्या पाहुण्याला म्हणाला, "या, या, आत या." त्या वेळी मला त्याचा इतका राग आला आणि इतकी दया आली, की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्यात जमिनीवर बसून होता. आई काठी टेकत आली.

"किती वाचल्या?"

"एकही नाही. आता कशाचा पाळणा आणि कशाचं जाणं."

म्हातारी काही वेळ भेगा बघत राहिली. "माळ्यावर माझ्या फळ्या आहेत," ती म्हणाली. "त्या काढ."

वुकोमान ताडकन उठला. आमच्या गावात म्हातारी माणसे स्वतःच्या शवपेटीच्या फळ्या आधीच माळ्यावर ठेवून देतात. क्र्स्तिनाचा नवरा सुतार होता. त्याने ओकची दोघांपुरती लाकडे कापून ठेवली होती. त्याची त्याला कामी आली, हिची अजून माळ्यावर होती.

"आई, वेड लागलंय का? तुझ्या पेटीच्या फळ्या त्या!"

"माझ्याच ना? मग कुणाला द्यायच्या ते मी ठरवीन."

"मेल्या माणसाच्या लाकडावर बाळ झोपवायचं? लोक काय म्हणतील?"

"कोण मेलंय इथं? मी? अरे, इतकी वर्षं त्या फळ्यांच्या खाली झोपतेय मी, मला काही झालं नाही. त्या लेकराला काय होणार?" मग तिचा आवाज खाली आला. "त्याला घाई आहे वुको. मला नाही. माझ्यासाठी दुसऱ्या काप. आणि सावकाश वाळव."

पाळणा ओकचाच झाला आणि देखणा झाला. वसंतात वुकोमान तोच सूट घालून देसिमीरच्या गाडीतून गेला. परत आला तेव्हा डोळे सुजलेले होते. आईला म्हणाला, "मुलगी झालीय. पाळण्याकडे रादेन्कानं आधी बघितलंसुद्धा नाही गं. मलाच धरून बसली."

"आणि तू?"

"मी काय! मीही बसलो."

त्या उन्हाळ्यात त्याने एक ओक विकत घेतला आणि आईसाठी जाड फळ्या कापून माझ्यात रचल्या. तेव्हापासून मी त्या वाळवतो आहे. माझ्या तळाला गंज लागला आहे. पिंपाची शेगडी दोनदा जळून बदलली. पंखा घरघरतो, अडखळतो, पुन्हा फिरतो. या कामाचा मला कंटाळा आला आहे, हे मी लपवत नाही.

म्हातारी आता फार थकली आहे. तरी चालवेल त्या दिवशी येते आणि विचारते, "झाल्या का रे माझ्या फळ्या?" लाकडाची ओल ओळखायची इथली रीत म्हणजे फळीला गाल लावायचा. गार लागली तर ओली. वुकोमान आत शिरतो, गाल लावतो आणि म्हणतो, "गार लागतेय, आई. ओल आहे अजून."

मित्रांनो, मी लाकडाबाबत खोटे बोलू शकत नाही. त्या फळ्या केव्हाच खडखडीत वाळल्या आहेत.

परवा म्हातारी स्वतःच आत आली. मला धडकी भरली. सुताराची बायको ती, तिला कोण फसवणार? तिने फळीवर गाल टेकला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. वुकोमान मान खाली घालून दाराशी उभा होता.

"खरंच रे," ती शेवटी म्हणाली. "फारच ओली आहे. तुला अजून पुष्कळ लाकूड लागेल शेगडीला."

"आणतो, आई," तो म्हणाला, आणि शेगडीकडे वळला.

म्हणून मी चालू आहे. मित्रांनो, एखादे जुने यंत्र उगाच घरघरताना दिसले, तर बटण दाबण्याआधी ते कुणासाठी चालले आहे, एवढे विचारा. आणि आमच्या डोंगरावर कधी आलात, तर माझ्या पंख्यात दोन थेंब तेल सोडा, स्वयंपाकाचे असले तरी चालेल. फळ्या अजून ओल्या आहेत.