समोर दिलेली गोळी

निशिगंधाने औषधांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी केली. शेजारी तिची आई रंभा खुर्चीच्या कडेवर बसली होती. चेहरा सुजलेला, ऐन उन्हाळ्यात अंगात स्वेटर.

"टीएसएच अजून वाढलाय," डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाल्या. "थायरॉइडची गोळी रोज घेतात ना?"

"मी स्वतः देते. सकाळी उपाशीपोटी, माझ्यासमोर."

मागचा रिपोर्ट बिघडला तेव्हापासून तिने हे सुरू केलं होतं. मिठागरात भर उन्हात राबलेली आई आता मोरवा गावातल्या घरात दिवसभर पडून असायची. ती गोळ्या टाकून देत असणार, हे निशिगंधाने ठरवूनच टाकलं होतं.

"मी न्हाय टाकत, बाय," रंभा तेव्हा म्हणाली होती.

"मग रिपोर्ट काय खोटं बोलतोय?"



आता डॉक्टरांनी टेबलावरच्या ढिगातली एक डबी उचलली. "हे कॅल्शियम कधी देता?"

"त्याच्यासोबतच. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून दिवाळीत मीच मेडिकलमधून आणलं. मला ऑफिसला निघायची घाई असते, म्हणून दोन्ही एकदमच देते."

"कॅल्शियम बरोबर गेलं की थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. दोन्हींत चार तास तरी जाऊ द्या."

निशिगंधाने डब्या पिशवीत भरायला घेतल्या. एक हातातून निसटून टेबलाखाली गेली. ती उचलायला वाकली आणि लगेच वर आली नाही.

"तिला कुटं म्हाईत होतं," वर रंभा डॉक्टरांना सांगत होती. "दिसभर कामाला असते ती."

परतताना रिक्षात निशिगंधा म्हणाली, "आई, मी तुला काय काय बोलले."

रंभा बाहेर बघत होती. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "गुडगं दुकायचं मातर कमी झालं हां माजं."

दुसऱ्या दिवशी सकाळी निशिगंधाने कॅल्शियमची डबी दुपारच्या जेवणासाठी बाजूला ठेवली. पाण्याचा पेला आणि एकच गोळी आईच्या हातात दिली. रंभाने ती गिळली. पेला घेऊन निशिगंधा वळणार, तोच रंभाने रोजच्यासारखं तोंड उघडलं, जीभ वर उचलली आणि लेकीने नीट बघून घ्यावं म्हणून तशीच थांबून राहिली.