हिरामणला शुगर निघाली

"डबीत अठरा गोळ्या जादा निघाल्या," सगुणा म्हणाली. "अठरा दिस गोळी घेतली नाय तुम्ही."

हिरामण उंबऱ्यात बसून तांब्या तोंडाला लावत होता. सकाळपासूनचा तिसरा तांब्या.

"घिऊन काय करू? सदरा खुंटीला टांगल्यावानी लोंबतोय. गोणी पाठीवर घेतली की डोळ्यापुढं अंधारी येती. गोळ्या हारल्या, सगुणा. ते उठलं पुन्हा."

'ते' म्हणजे एचआयव्ही. नऊ वर्षांत त्या घरात त्याला दुसरं नाव पडलं नव्हतं. हिरामण पिंपळगावच्या कांदा मार्केटात हमाल. दर महिन्याला तालुक्याच्या दवाखान्यात जायचा, ते मणक्याचं दुखणं सांगून. बायकोशिवाय कुणाला पत्ता नव्हता.

"दवाखान्यात चला," सगुणा म्हणाली.

"कशाला? मरतोय म्हणून त्यांच्या तोंडून ऐकायला?"

"हां, ऐकायला. साप साप म्हणून भुई धोपटू नका. येत नसाल तर मी एकटी जाते, आन् तुमची समदी करणी सिस्टरला सांगते."

तो उठला. आश्विनातलं ऊन अंगात टोचत होतं, काळी रानं भेगाळली होती. स्टँडपासून दवाखाना हाकेवर, पण तेवढ्यातही दोनदा त्याला लघवीला आडोसा शोधावा लागला. सगुणा पाठ फिरवून उभी राहायची.

सिस्टर तेजश्रीनं अठरा दिवसांचं ऐकून घेतलं. रागावली नाही, फक्त पेन खाली ठेवलं.

"तहान लागते, काका? रात्री सारखं उठावं लागतं?"

"लय."

"बोट द्या. आता इथं गोळ्या घेणाऱ्या सगळ्यांचीच शुगर बघतो आपण."

सुई टोचली. मशीनवर आकडा आला, चारशे बारा. हिरामणला वाटलं, हाच आपला निकाल. सिस्टरनं फाईल उघडली.

"तीन महिन्यांमागचा रिपोर्ट चांगला आहे. तुमचं जुनं दुखणं गोळीनं दाबून धरलं होतं. अंग खातेय ती शुगर."

"म्हंजी गोळ्या हारल्या नव्हत्या?"

"नव्हत्या. तुम्हीच सोडल्यात. आज रक्त परत पाठवते, मग कळेल काय झालंय ते. आणि शुगरची गोळी दुकानातून आणू नका. या गोळीशी तिचा मेळ डॉक्टर घालून देतील."

त्या दिवसापासून त्यानं एकही गोळी चुकवली नाही. पण रिपोर्टला तीन आठवडे लागले. आपल्याच हातानं घर पेटवलं का काय, हा घोर जेवतानाही सुटायचा नाही.

रिपोर्ट आला. दबलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी मार्केटात सोबतच्या गोरक्ष हमालानं चहाचा कप पुढं केला. हिरामणनं हात आडवा धरला.

"मला बिनसाखरेचा सांग. शुगर निघाली मला."

बोलला आणि त्याला वाटलं, आता सगळे लांब सरकतील. स्वतःचं दुखणं चारचौघांत खरं सांगायची नऊ वर्षांतली पहिलीच वेळ. पण हमाल उलट जवळ सरकले. कुणी कारल्याचा रस सांगितला, कुणी जांभळाच्या बिया. गोटीरामनं त्याच्या वाट्याची गोणी आपल्या पाठीवर घेतली.

"म्हंजी दर महिन्याला तू शुगरपायी जायचा व्हय? मणका मणका काय सांगायचा मग?" गोटीराम वाकल्या वाकल्या म्हणाला. "आमच्या आबालाबी हाय. लपवायसारखं काय हाय रं त्यात?"

"काय नाय," हिरामण म्हणाला, आणि तो कडू चहा घोट घोट प्यायला.