दुसऱ्या मुसळीची वाट

मी भरीत ठेचायची एक जुनी लाकडी बडगी आहे. पंडित सुतारानं मला कडुलिंबाच्या खोडातून होडीसारखी कोरली. एरंडोलजवळच्या या शेतात हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजतात आणि माझ्यात टाकून दोघीजणी समोरासमोर बसून ठेचतात. एकीची मुसळी वर, दुसरीची खाली. भरीत खाऊन लोक माझं कौतुक करतात आणि उन्हाळा लागला की मला गोठ्यात कोंबड्यांखाली टाकतात. त्याचं मला काही नाही, मित्रांनो. माझा राग वेगळाच आहे.

मागच्या हिवाळ्यात शेतमालकीण कुंदाबाईच्या लेकीनं, मयुरीनं, होस्टेलची मैत्रीण आणली. चिसोमो, मलावी देशातली. मुसळी हातात घेत ती म्हणाली, "आमच्याकडं मका असाच कुटतात." दोघींचा ताल असा जमला की माझं लाकूड सुखावलं.

तेवढ्यात मयुरीचा चुलतभाऊ भटू चिसोमोवर मोबाईल रोखून पुढं आला. "वांगं भाजीसन काळं व्हयनं. इले कोन्ही भाजं वं?"

सगळे हसले. मयुरीसुद्धा हसली. चिसोमोनं मुसळी खाली ठेवली.

तो व्हिडिओ गावभर फिरला. त्याला मजा म्हणतात म्हणे! थू!

यंदा वांगी आली तशी मयुरी आईपाशी रडली. "चिसोमो यायला तयार नाही. म्हणते, भटूचं राहू दे, तू का हसलीस?"

"मंग तू जाय, लई ये तिले," कुंदाबाई म्हणाली.

आज काड्या पेटल्या. दोन मुसळ्या धुऊन ठेवल्या. मयुरी चिसोमोला आणायला गेलेली, पण तिची स्कूटर येईना. वांगी करपायला लागली. धसक्यानं माझी जुनी चीर आणखी उकलली की काय, असं वाटलं.

शेवटी दोघी आल्या. चिसोमो बांधावरच थांबली. भटूनं पुन्हा मोबाईल काढला.

"भटूदादा, तो व्हिडिओ काढून टाक." मयुरी त्याच्या आडवी उभी राहिली. "मी हसले, चुकले. आता हसणार नाही."

"मजाक शे ना वं!"

कुंदाबाईनं त्याच्यासमोरची भाकर उचलली. "आधी पुसी टाक. मंग जेव."

भटूनं सगळ्यांकडं पाहिलं. कुणीच हसलं नाही. मग त्याचा अंगठा हलला.

चिसोमो येऊन माझ्याजवळ बसली. मुसळी मात्र तिनं उचलली नाही. मयुरी एकटीच ठेचत राहिली, वांगं बाजूला पळत राहिलं.

मित्रांनो, माझ्या लाकडाला तेल लावा, नका लावू. पण कुणाच्या रंगावर कुणी बोललं, तर तोंड मिटून गप्प बसू नका, आणि हसू तर मुळीच नका. तुम्ही हसता, तेव्हाच मुसळी खाली पडते. ती उचलली जाईल की नाही, मला अजून ठाऊक नाही.